परवीनचा रंगतक्ता

कुवेतहून परतलेल्या अरफातने महाडच्या बाजारपेठेत फ्लेक्स छापायचं जुनं मशीन आणलं, ते २००६ साली. मशीन सांभाळायचं त्याने आणि डिझाइन करायची परवीनने, असं ठरलं. परवीन त्याची धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षांची, कमी बोलणारी. एका छापखान्यात बसून तिने पाच वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या होत्या, त्यामुळे कॉम्प्युटरवर हात बसलेला होता.

पहिल्याच महिन्यात नाते गावच्या शाळेचा बोर्ड अंगावर आला. पडद्यावर मुलांच्या गणवेशाचा सुरेख निळा दिसत होता. मशीनमधून जांभळा निघाला, वांग्यासारखा. मुख्याध्यापक दत्तोपंत भले गृहस्थ, आवाज न चढवता म्हणाले, "परवीनताई, मुलं विचारतील, सर, ही कुठली शाळा?"

ते गेल्यावर अरफात चिडला. "तुला पडद्यावर दिसत नव्हतं का?"

"तिथे निळाच दिसतोय, भाई. ये, बघ."

अरफातने वाकून बघितलं. निळाच होता. मग मॉनिटर बदलला, तरी जांभळाच. मशीन विकणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "पडद्यावर भरवसा ठेवू नका," आणि दुसऱ्या फोनवर गेला.

परवीन त्या वाक्याशी बरेच दिवस झगडत राहिली. पडद्यावर भरवसा नाही ठेवायचा, तर कशावर ठेवायचा? हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की पडदा स्वतःच उजळलेला असतो, त्यातला रंग म्हणजे उजेडच. फ्लेक्सला स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावर निळी, गुलाबी, पिवळी, काळी अशा चारच शाया बसतात, आणि बाहेरचा उजेड पडेल तसा रंग दिसतो. पडद्यावरचे काही रंग त्या चार शायांतून निघणारच नव्हते. मशीन खोटं बोलत नव्हतं, त्याला तेवढंच येत होतं.

मग तिने कापून उरलेल्या पट्ट्यांवर लहान लहान चौकोन छापले. प्रत्येकाखाली कुठली शाई किती, ते आकडे. दोनशे चाळीस चौकोन झाले. पट्ट्या एकाखाली एक चिकटवून तिने तो तक्ता मॉनिटरशेजारी टांगला. रंग निवडायचा तो तक्त्यावरून, कॉम्प्युटरला द्यायचे ते आकडे. पडद्यावर मग काहीही दिसो.

"शाई फुकट येत नाही," अरफात म्हणाला. पण दत्तोपंतांचा बोर्ड नव्याने छापला आणि गणवेश गणवेशासारखा आला, तेव्हा त्यानेच तक्त्याला आणखी एक खिळा ठोकला.

चेहऱ्यांची गोष्ट वेगळी होती. जो येई तो म्हणे, जरा उजळ करा. नवरदेव, पुढारी, बारशाची बाळं, सगळ्यांना ती एकाच गोऱ्या-गुलाबी रंगात बसवी. कुणाची तक्रार नव्हती. तक्त्यावर सावळ्या रंगाचे चौकोन जेमतेम चार होते. लागतच नव्हते.

पुढच्या वर्षी कापड्याहून सुंदराबाई आली, दीर काशीरामला घेऊन. तिच्या नवऱ्याचं, हैबतीचं, वर्षश्राद्ध होतं आणि त्याचा मोठा फोटो लावायचा होता. जवळ होता तो ओळखपत्रावरचा, काळा-पांढरा, अंगठ्याच्या नखाएवढा. परवीनने तो मोठा करून रंग भरले आणि सवयीने नेहमीचाच उजळ रंग दिला. छापून समोर धरल्यावर काशीराम म्हणाला, "झ्याक झालाय."

सुंदराबाई बघतच राहिली. मग म्हणाली, "ह्यो कोन?"

"वहिनी, दादाच हाय तो."

"नाय. ह्यो कुनीतरी सायब हाय. माझा मानूस काळा व्हता गो पोरी. आंबेनळीच्या घाटात वीस वर्सं मैलकुली व्हता. दरड पडली की घमेलं घेऊन पयला ह्योच. उन्हानं पाठ करपायची त्याची. तू त्याला धुऊन टाकलंस."

कुणी चेहरा काळा करून मागितला नव्हता आजवर. परवीन उठली, तक्त्यापाशी गेली आणि तिथल्या तिथे ओशाळली. चार चौकोनांत कसा सापडणार माणूस? "मावशी, तासभर थांबाल?" तिने विचारलं.

त्या तासात तिने सावळ्या रंगाच्या साठ छटा छापल्या. लालसर, पिवळसर, मातकट, डांबरासारख्या. शाई जरा सुकल्यावर पट्टी सुंदराबाईसमोर धरली. सुंदराबाईने ट्यूबलाइटकडे एकदा बघितलं आणि पट्टी उचलून सरळ दुकानाबाहेर गेली.

"मावशी, कुठे?"

"लुगडं घेताना आमी उजेडात नेऊनच बघतो. ह्ये तर मानूस हाय."

रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहून ती एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली. रिक्षा जात होत्या, लोक वळून बघत होते, तिला फिकीर नव्हती. एकदा मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग एका चौकोनावर बोट थांबलं. "ह्यो," ती म्हणाली. "भात लावताना असा दिसायचा. घामानं." आणि पदर तोंडाला लावून ती दुकानाच्या पायरीवर बसली.

परवीनने तिच्या बोटाखालचे आकडे वाचले. पडद्यावर तो रंग बऱ्यापैकी चुकीचा दिसत होता, तिकडे तिने बघितलंही नाही. छापलेला हैबती उन्हात धरला, तेव्हा आधीच्याला झ्याक म्हणणाऱ्या काशीरामने चपला काढल्या.

त्या दिवसापासून परवीन गिऱ्हाइकाला पट्टी घेऊन दारात नेऊ लागली. चेहरा उजळ करा म्हणणारे येतच राहिले. ती त्यांना विचारी, "किती उजळ? यातला दाखवा." बरेच जण आपला हात पट्टीजवळ नेत, जरा घुटमळत आणि ठरवलेल्यापेक्षा एक-दोन चौकोन सावळ्याकडे सरकत. पोलादपूरचे फोटोग्राफर महाडला तिच्याकडे कामं पाठवू लागले.

२००९ मध्ये अरफात पुन्हा कुवेतला गेला. दुकान परवीनवर आलं. त्याच सुमारास पुरवठादाराने शाई बदलली आणि एका दुपारीत सगळे आकडे खोटे ठरले. तक्त्यावरचा पोपटी आता शेवाळी येत होता, हैबतीचा चौकोन विटकरी. अरफातला फोनवर कळलं, तेव्हा तो हळहळला. "एवढी मेहनत वाया गेली तुझी."

"वाया कशी?" परवीन म्हणाली. "कसं करायचं ते माहीत आहे ना."

तिने तीन दिवस नवी कामं घेतली नाहीत. नव्या तक्त्याची सुरुवात सावळ्या छटांपासून केली.