अकरा भोकं

माझी मावशी पोहायला कधी शिकली नाही आणि गेली नऊ वर्षं तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी आमच्या नदी-बचाव पथकातले दणकट गडी तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात. का, ते सांगते.

मावशीने सव्वीस वर्षं रेनकोटच्या कारखान्यात काम केलं. आधी शिलाई आणि नजर अधू होऊ लागल्यावर शिवणींची तपासणी, बोटांनी चाचपून. डोळे पुरते गेले तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली.

मी पथकात कयाक चालवते. अंगात पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट असतो. पायमोज्यांपासून गळ्यापर्यंत एकसंध, मानेला नि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या. गार पाण्यात आमचा जीव त्याच्या भरवशावर. एकदा सरावाहून आले तर डावा पाय गुडघ्यापर्यंत चिंब. न्हाणीघरात साबणाचं पाणी लावून एक भोक शोधलं, बुजवलं. पुढच्या सरावाला पुन्हा तेच. वैतागून सूट जमिनीवर आपटला.

"कुणावर राग काढतेस गं?" मावशीने विचारलं.

"गळतंय, पण कुठून ते सापडत नाही. आंधळी कोशिंबीर नुसती!" बोलून गेले आणि जीभ चावली.

मावशी खळखळून हसली. "मग हा डाव माझाच. उलटा कर त्याला आणि फुगव."

सूट उलटा करून चेन लावली. मानेत स्टीलचा डबा बसवला, एका मनगटात बाटली, दुसऱ्यात सायकलचा पंप. हवा भरली तसा पलंगावर एक गलेलठ्ठ पाहुणा आडवा झाला. मावशीने पंखा बंद करायला लावला, खिडकी लावून घेतली. मग वरचा ओठ पाण्याने ओला केला आणि शिवणीच्या इतकी जवळ वाकली की मला वाटलं, आता मुका घेते. बोटभर सरकायची, थांबायची, ओल्या ओठाला कुठे गार वारा लागतो ते बघायची.

"इथे."

मला काहीच दिसत नव्हतं. पेन्सिलीने गोल केला आणि ब्रशने साबणाचं पाणी लावलं. काही नाही. तोंड उघडणार तोच खसखशीएवढा बुडबुडा आला. मग दुसरा.

"इथे. आणि इथे, दोन आहेत." तीन तुकडे जिथे जुळतात तिथे ती जास्त वेळ रेंगाळायची. मध्येच बोट फिरवून म्हणाली, "हे टाके बघ. इथपर्यंत एकसारखे, पुढे सैल. शिवणारी बाई मध्येच जेवून आली असणार."

दीड तासात अकरा भोकं. ज्या शिवणीवर मी रोज हात फिरवत होते, ती तिने वाचली होती.

मग स्पिरिटने पुसणं आणि प्रत्येक भोकावर नाण्याएवढा, पातळ, लवचिक गोंद. "वाळेपर्यंत हात लावशील तर याद राख," तिने बजावलं.

पाच दिवसांनी बंधाऱ्याखाली एक होडी उलटली. बाप-लेक पुलाच्या खांबाला चिकटून होते. मी त्यांच्यापर्यंत पोहोचले, पण वरून दोर यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ छातीभर पाण्यात, पाठ प्रवाहाला देऊन, त्या दोघांना मी खांबाशी दाबून धरलं. सूटमध्ये पाणी शिरतं तर माझी बोटं केव्हाच सुटली असती. ती सुटली नाहीत. दोघं वाचले.

घरी आल्यावर मावशीने सूटमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. "ओलं लागतंय गं."

"घाम आहे तो, मावशी."

तिने बोटं हुंगली. "हं. घामच."

पथकातल्या सगळ्यांचे सूट मग तिच्याकडे येऊ लागले. मोबदला काय द्यायचा, असं पथकप्रमुखाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा मला हा सूट घालून पाण्यात न्या."

नेलं. बचावजाकीट चढवून दोन्ही बाजूंनी धरलं आणि कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पाण्याच्या दाबाने सूट तिच्या अंगाला बिलगला. तिने माझा दंड घट्ट पकडला.

"मावशी, भीती वाटते का?"

"एवढी मोठी नदी," ती हळूच म्हणाली, "सगळीकडून धरलंय गं तिने मला. आणि मी कोरडी!"

दणकट गड्यांनी पकड जरा सैल केली. मावशीने हात पसरून तळवे पाण्यावर टेकवले आणि नदी जिकडून येत होती तिकडे तोंड केलं.