तिरकी रेघ

एमएच्या पहिल्या वर्षी ‘कुटुंब आणि नातेसंबंध’ या पेपरासाठी आम्हाला स्वतःच्या घराची तीन पिढ्यांची आकृती काढायला सांगितली होती. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. माणूस गेलेला असेल तर त्याच्या खुणेवरून एक तिरकी रेघ. बाकीच्या मुलींनी वर्गातच आकृत्या उरकल्या. मी माझ्या भावाच्या त्रिकोणापाशी अडकले, कारण तो गेला असं आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं आणि तो आहे असं छातीठोकपणे सांगायची सोय नव्हती.

तो जवळच्याच कॅम्प पाच या वस्तीत जीन्स धुण्याच्या कारखान्यात कामाला होता. एका दुपारी जेवून बाहेर पडला, येतो म्हणाला आणि आला नाही. पोलिसांत तक्रार केली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवला, सरकारी दवाखाने पालथे घातले. वडील त्याआधीच वारले होते, त्यामुळे ही वणवण आई आणि मी दोघींनीच केली. तेव्हापासून विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीला आतून कडी लागली नव्हती. दार नुसतं ओढून घ्यायचं, असा आईचा हुकूम. कडीच्या आजूबाजूला त्याच्या बोटांचे निळे डाग आहेत. कामावरून आला की हात न धुता दार लोटायचा आणि त्यावरून रोज बोलणी खायचा. एका दिवाळीला मी दार रंगवायला घेतलं, तर आईने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

मला या सगळ्याचा राग यायचा. घरात माणूस मेलं की त्याचा फोटो भिंतीवर जातो, हार चढतो, माणसं पोटभर रडतात आणि हळूहळू कामाला लागतात. हा मात्र भिंतीवरही नव्हता आणि घरातही नव्हता, आणि तरी सगळी खोली त्यानेच व्यापली होती. जिन्यावर चपला वाजल्या की भाकरी थापताना आईचा हात थांबायचा. ऐकता ऐकता माझंही वाचन थांबायचं. त्याची मला जास्त चीड होती.

अभ्यासात मी त्याला शोधून पाहिलं. नागरी समाजशास्त्रात आमची चाळ सापडली. औद्योगिक समाजशास्त्रात त्याचा कारखाना सापडला, कंत्राटी कामगार म्हणून तोही थोडाफार सापडला. लोकसंख्येच्या पेपरात माणूस जन्मतो, मरतो किंवा स्थलांतर करतो, याखेरीज त्याला काही करता येत नाही. शेवटी मॅडमना विचारलं, की हरवलेल्या माणसाला काय काढतात? त्या म्हणाल्या, अशी ठरलेली खूण नाही, तू तुझी ठरव आणि खाली तिचा अर्थ लिही. मी तुटक रेघांचा त्रिकोण काढला आणि स्वतःवर खूश झाले.

घरी आईला आकृती दाखवली. आजोबांवरची तिरकी रेघ तिने पाहिली, वडिलांवरचीही पाहिली, मान हलवली. तुटक त्रिकोणावर बोट ठेवून हा असा का, म्हणून विचारलं. मी सांगितलं.

“अर्धा पुसलास त्याला,” ती म्हणाली.

शास्त्रात असंच असतं वगैरे मी सुरू केलं, पण ती कुकर लावायला उठून गेली होती.

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरच्या गेलेल्या माणसांची पानं गावी, बदलापूरजवळ, काकांकडे वाढतात. भावाचं पान ठेवायचं नाही, हे आई काकांना दरवर्षी बजावायची. काका कुरकुरायचे. पोरगा असा अधांतरी राहिला तर घराला शांती कशी मिळणार, असं त्यांचं म्हणणं. मनातून मी काकांच्या बाजूची होते. कुणीतरी एकदा काय ते सांगून टाकावं, मग तो कावळा का असेना. समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हे शोभत नव्हतं, पण होतं ते असं.

त्या वर्षी आईचे गुडघे धरले होते, म्हणून आम्ही गावी गेलो नाही. संध्याकाळी काकाच वड्यांचा डबा घेऊन आले. बसले, पाणी प्यायले आणि आईकडे न बघता म्हणाले, “वैनी, पोऱ्याचा पान ठेवला मी. ठेवला नि लगेच कावला आला. बाकीच्या पानांकडं बघला पन नाय.”

आजोबांच्या पानाला कावळा शिवेपर्यंत एरवी जेवणं खोळंबायची. माझ्या मनात एकच आलं, की भावाला भूक लागली असणार. इतकी वर्षं कुणी वाढलंच नव्हतं त्याला.

आई काकांवर भडकेल असं वाटलं होतं. तिने त्यांना चहा करून दिला. ते गेल्यावर देवापाशी दिवा लावला आणि माझ्याकडे तो कागद मागितला. मी कागद आणि पेन आणलं. आता ती रेघ मारणार. मला इतके दिवस तेच हवं होतं, आणि तरी कागद माझ्या हातून सुटेना. तिने तो सोडवून घेतला, पाटावर ठेवला आणि तुटक रेघा एकेक करून जोडल्या. त्रिकोण जरा वाकडा झाला.

“कावळ्याला काय कळतंय,” ती म्हणाली.

मग उठून दाराशी गेली आणि तिने आतून कडी लावली. कडी गंजली होती, बराच जोर लावावा लागला. त्यासाठी तिने दुसरा हात निळ्या डागांवर टेकला होता. परत येऊन ती माझ्याकडे पाठ करून पीठ मळायला बसली.

मी आकृती बघत राहिले. कागदावर भाऊ माझ्याइतकाच धडधाकट होता. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. शेजारच्यांच्याच असणार. आईचा हात परातीत चालूच राहिला, आणि ते बघून मला रडू फुटलं. मी उठले आणि कडी काढली. गंजलेली ती, आवाज झालाच. आईने वळून पाहिलं नाही, पण तिचे हात पिठात तसेच थांबले.