मी लावलेली तापमानवाढीची कुस्ती

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, कारण हा गाढवपणा सांगायला मला पुन्हा धीर व्हायचा नाही. वादात माणूस हरतो, ठीक आहे. पण जिंकून झालेला वाद स्वतःच्या हातानं उकरून काढून मग हरलेला माणूस पाहिलाय कधी? नीट बघून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो, राहायला शिवाजी पेठेत. घरासमोर तालीम, आणि तालमीच्या आवारात चिंचेचं थोरलं झाड. उन्हाळ्यात अर्धी पेठ त्याच्याखाली असायची. पैलवान घाम वाळवायचे, म्हाताऱ्या चिंचा फोडत बसायच्या, मी पेपर तपासायचो. आणि तालमीनं ठरवलं, झाड पाडायचं आणि तिथं दुकानगाळे काढायचे!

माझं डोकंच फिरलं. तडक अण्णांकडं गेलो. अण्णा म्हणजे तालमीचे अध्यक्ष, जुने पैलवान, कान मोडलेले, बोलणं मोजकं. त्यांना सगळं सांगितलं. धूर, कार्बन, पृथ्वी कशी तापतेय, जगभरचे शास्त्रज्ञ काय ओरडून सांगतायत, आणि अशा वेळी उभं झाड पाडणं म्हणजे कसला करंटेपणा!

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, हे पक्कं हाय?"

"अगदी पक्कं."

"मग ऱ्हाऊ दे झाड. गाळं दुसरीकडं काढू."

संपलं की हो! शहाण्या माणसानं काय केलं असतं? नमस्कार करून घर गाठलं असतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला ना! मी म्हणालो, "अण्णा, नुसतं माझं ऐकून नको. लोकांना दोन्ही बाजू कळू देत. जाहीर वादविवाद ठेवू, आणि लोकच ठरवतील झाडाचं काय करायचं."

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "दुसरी बाजू हाय व्हय ह्याला?"

"असतेच ना! प्रत्येक गोष्टीला असते."

हे मी बोललो. ह्याच तोंडानं.

आता दुसरी बाजू आणायची कुठून? पृथ्वी तापत नाही असं म्हणणारा अख्ख्या पेठेत सापडेना. तापतेय म्हणणाराही नव्हता म्हणा, कुणाला पडलेलीच नव्हती! शेवटी मेव्हण्याला गाठलं. विलास त्याचं नाव. जत्रेतल्या कुस्त्यांचं माईकवर निवेदन करतो. त्याचा आवाज माईक बंद पडला तरी गावाबाहेर ऐकू जातो.

"दाजी, मला त्यातलं काय बी कळत न्हाय."

"मुद्दे मी देतो."

"म्हंजे मी हरायचं?"

"हरायचंच आहे रे. पण जरा झुंजून हर."

आणि मी त्याला शिकवायला बसलो. पृथ्वी पूर्वीही तापली होती, सगळं सूर्यामुळं होतंय, शास्त्रज्ञांचं आपसात पटत नाही… ज्या ज्या शंका मी वर्गात खोडून काढायचो, त्या सगळ्या त्याच्याकडून घोटून घेतल्या. मन लावून शिकवलं हो! बायको म्हणाली, "अहो, स्वतःचं भाषण कधी तयार करणार?" मी म्हणालो, "माझं काय? माझ्या बाजूला सत्य आहे."

वादाच्या संध्याकाळी चिंचेखालीच स्टेज. मागं कुस्तीच्या पोस्टरसारखा फलक, एका कडेला माझा फोटो, दुसऱ्या कडेला विलासचा, मध्ये मोठ्या अक्षरात 'विरुद्ध'. तो बघूनच मी सावध व्हायला हवं होतं. उलट मी फोटो बरा आलाय का ते बघत होतो!

आधी मी बोललो. प्रामाणिकपणे बोललो, हेच चुकलं. "बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते… दाट शक्यता आहे… काही बाबींचा अभ्यास अजून चालू आहे…"

पहिल्याच रांगेतून आवाज आला, "शक्यता म्हणालाय. सरांचंच नक्की न्हाय की!"

मग विलासनं माईक घेतला.

"मंडळीऽऽ! हवामान खातं म्हणतंय उद्या पाऊस. आपण छत्री घिऊन जातो आणि उन्हात भाजून येतो. ज्यास्नी उद्याचं सांगता येत न्हाय, ते शंभर वर्सानंतरचं सांगणार? व्हय ओ दाजी?"

शिट्ट्या! छत्रीचा मुद्दा मीच दिलेला. त्याला उत्तरही होतं माझ्याकडं, पण ते ऐकायला एक तास भूगोलाच्या वर्गात बसावं लागतं.

"आपल्या आज्ज्याच्या काळात ऊन नव्हतं? तवा काय आज्जा मोटार उडवत हुता?"

हा मुद्दा त्याचा स्वतःचा. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी. मी उठून किंचाळलो, "अहो, जगातले जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ माझ्या बाजूनं आहेत!"

"मग आल्यात कुठं?" मागून कुणीतरी विचारलं.

अण्णांनी हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूनं बायकोचा हात वर झाला, तोही अर्धाच. भाऊ पडतो ना तिचा!

मी अण्णांना बाजूला ओढलं. रडायचाच बाकी होतो. "अण्णा, तुम्ही तरी! तुम्हाला तर पटलं होतं!"

"पटलं हुतं की," अण्णा शांतपणे म्हणाले. "पर तुम्हीच म्हणाला जोड लावा. आवो, मैदानात जोड लावायची तर दोघं बरोबरीचं लागत्यात. पोरगं आणि हिंदकेसरी अशी जोड कोण लावतंय? तवाच म्या वळखलं, दोन्हीकडं सारखंच वजन हाय आणि सरांस्नी बी डाऊट हाय."

झाड गेलं, एवढंच तेव्हा कळत होतं.

पण थांबा, अजून आहे. विजेत्याचा फेटा विलासला बांधला. आणि तो प्रामाणिक बाबा माईकवर गेला! "मंडळी, हा मान माझा न्हाय. सगळं डाव दाजींनी शिकिवल्यात. वस्ताद त्येच!" आणि फेटा काढून माझ्या डोक्यावर! पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि हलगीच्या तालावर त्याच चिंचेभोवती नाचवलं. मी वरून "अरे, तसं नाही!" म्हणून ओरडत होतो. लोकांना वाटलं, सर विनय दाखवतायत.

सकाळी दारात अण्णा. मागं कुऱ्हाडी घेतलेली माणसं, हातात हळदीकुंकवाचं ताट.

"सर, चला. कामाचा नारळ तुमच्या हस्ते."

"अण्णा, मला नाही जमायचं."

"असं कसं? वस्तादाचा मान हाय. पेठ थांबलीया."

पेठ खरंच थांबली होती. 'नाही' म्हणायची ती शेवटची संधी होती, आणि मी चपला शोधायला लागलो. गेलो. आमच्या घरी देवापुढचा नारळ फोडायला बायको मला कधी सांगत नाही, कारण माझ्याकडून तो फुटतच नाही.

त्या दिवशी पहिल्याच फटक्यात फुटला.