कोऱ्या नळीतला नारिंगी साका

माझी आई कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट होती. बाटल्या भरायच्या, काचेच्या नळ्या धुवायच्या, पोरांचे भाजलेले हात नळाखाली धरायचे. सव्वीस वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, आणि हे ती स्वतःच दिवसातून दोनदा ऐकवायची. गर्विष्ठ बाई! मीही तिचीच लेक.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला परीक्षक तासभर आधीच येऊन टपकले. नळ्या अजून ओल्याच. आईने घाईघाईत त्या ॲसिटोनने विसळल्या. ॲसिटोन झटकन उडतं, नळी कोरडीठाक होते.

आम्हा बारा जणांना एक अनोळखी द्रव मिळाला. अल्डिहाइड किंवा कीटोन असेल तर त्यात डीएनपी या रसायनाचे थेंब टाकले की नारिंगी साका बसतो. बाराही नळ्यांत बसला. मग चांदीची कसोटी. अल्डिहाइड असतं तर काच आतून आरशासारखी चकाकली असती. तसं काही झालं नाही. म्हणजे कीटोनच, असं आम्ही छातीठोकपणे लिहून टाकलं.

परीक्षक भडकले. "अरे, हे साधं अल्कोहोल आहे! साका येईलच कसा? एकाने थापा मारल्या आणि अकरा जणांनी उतरवल्या. सगळ्यांना शून्य!"

सिंकपाशी उभ्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. ॲसिटोन म्हणजे कीटोनच की, आणि घाईत त्याचा अंश नळ्यांत राहून गेला होता! ती गप्प बसली असती तर तिचं नाव शाबूत राहिलं असतं आणि आमचं वर्ष बुडालं असतं.

"साहेब, मी विसळलेल्या एका कोऱ्या नळीत नुसतं डीएनपी टाकून बघा."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही, चूक दाखवतेय. माझीच आहे."

त्यांनी थेंब टाकले. रिकाम्या नळीत नारिंगी साका! साहेबांनी बाराही शून्यं मागे घेतली.

नळ्या नीट धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून परीक्षा पुन्हा झाली. बाराच्या बारा पास. आईला मात्र प्राचार्यांनी निष्काळजीपणाचा मेमो दिला. तिने तो साड्यांच्या घडीत लपवला होता, मी शोधून काढला.

माझ्या पदव्या कपाटात पडल्या आहेत. दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय तो मेमो.

"काढ गं ते," आई अजून चिडते. "चारचौघांत शोभा होते माझी."

"तुझी सही आहे खाली. 'चूक मान्य आहे' लिहिलंयस," मी म्हणते. "घरात एवढं मोठं सर्टिफिकेट दुसरं कुणाचं आहे?"