मामाचा उजवा कान

माझा मामा आईपेक्षा चांगली नऊवारी नेसवायचा, आणि बुटांना पॉलिश करायचा ते तोंड दिसेल असं. मुलुंडच्या आमच्या वाडीत ही दोन्ही कामं येणारा दुसरा पुरुष नव्हता. तरुणपणी तो एका नाटक कंपनीत नायिकेच्या भूमिका करायचा. बोलपट आले, कंपनी बुडाली आणि मामा सरळ पलटणीत भरती झाला. आजीने कपाळावर हात मारून घेतला म्हणे, "काल शालू नेसत होतास, आज बंदूक धरणार?" महायुद्धाची चार वर्षं त्याने वाळवंटात काढली. परतला तेव्हा हातपाय शाबूत होते, डावा कान मात्र तोफगोळ्याच्या आवाजाने कायमचा गेला होता.

ही गोष्ट त्यानंतर दहाएक वर्षांची. मी नुकतीच एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते. मामा आमच्याकडेच राहायचा आणि एका गोदामात कारकुनी करायचा. पहाटे पाचला उठून वळकटी बांधायचा आणि बाकीच्यांनाही झोपू द्यायचा नाही. पण गाणं नाही. ज्याच्या पदांवर गावंच्या गावं खूश व्हायची, तो मोरीतसुद्धा गुणगुणत नसे. एका कानाने आपला सूर हुकतो, अशी त्याला धास्ती होती.

त्या वर्षी गणपतीत वाडीचं नाटक ठरलं. लिहिणारे आणि बसवणारे एकच, तळमजल्यावरचे हेडक्लार्क. गोळी लागलेला सैनिक घरी येतो, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पद म्हणतो आणि मरतो. सैनिक मामा. आई मी, कारण दरवर्षी बायकांची कामं करणाऱ्या गृहस्थांनी यंदा मिशी काढायला साफ नकार दिला होता. एकोणिसाव्या वर्षी मी चाळिशी ओलांडलेल्या मामाची आई झाले.

पहिल्याच तालमीत ठिणगी पडली.

"गोळी लागलेला माणूस पाणी मागतो हो, पद म्हणत नाही," मामा म्हणाला.

"नाटकात म्हणतो! आणि जरा छाती काढा. सैनिक असा उभा राहतो का?" फायलीपेक्षा जड काही न उचललेले हेडक्लार्क म्हणाले.

मला असं हसू फुटलं की मला खुर्ची देऊन बाहेर बसवण्यात आलं. मामा मात्र शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, गातो. पण एकदा मेलो की मेलो. वन्स मोअर आला तरी उठणार नाही. मी मेलेली माणसं पाहिलीत. त्यातलं एकही उठलं नाही."

"वन्स मोअर? आधी सूर तर लागू द्या!"

मामाचा चेहरा पडला. मला हेडक्लार्कांचा असा राग आला की काय सांगू. घरी येताना मामा म्हणाला, "शेवटचा वन्स मोअर मिळाला ना गं, तेव्हा अंगावर शालू होता. तिकडे वाळूत पडल्यापडल्या तोच आठवायचा. एकदा पुन्हा कानावर पडला ना, बस्स. मग काही नको."

"मिळालाच समज!" मी ठोकून दिलं.

मग रोज संध्याकाळी आमच्या खोलीत तालीम. मला नऊवारी नेसवून मामा ओरडायचा, "म्हातारी आहेस तू! गाडी पकडायला निघाल्यासारखी काय धावतेस?"

"मामा, मी बाई आहे. मला काय शिकवतोस?"

"बाई आहेस, पण बाईचं काम कुठे केलंयस?"

नाटकाच्या संध्याकाळी पेटी मुद्दाम मामाच्या उजव्या हाताला ठेवली होती. माझ्या मांडीशी कोपरावर रेलून त्याने पहिला सूर लावला आणि माझा जीव भांड्यात पडला. सूर हुकला नाही. वरच्या जागा तो घाबरत घाबरत घेत होता, पण घेत होता. पद संपलं आणि ठरल्याप्रमाणे, तोंड प्रेक्षकांकडे करून, उजव्या कुशीवर त्याने माझ्या मांडीत मान टाकली.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" बघता बघता अख्खा मांडव ओरडू लागला. विंगेतून हेडक्लार्क मला हातवारे करत होते, उठव, उठव त्याला! मामा ढिम्म. मी खाली पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही. शब्द पाळतोय, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, चांगला कान माझ्या मांडीत रुतलाय. वर आहे तो बहिरा.

त्याला काही ऐकूच येत नव्हतं!

पडद्याची दोरी हलताना दिसली. आता रडायचा माझा प्रवेश होता. मी "माझ्या सोन्या!" म्हणून हंबरडा फोडला, त्याचं डोकं दोन्ही हातांत उचललं, छातीशी धरलं आणि पुन्हा मांडीवर ठेवताना त्याला खांद्यांसकट उलट्या बाजूला वळवलं. तोंड मागच्या पडद्याकडे, उजवा कान वर.

मामाचं अंग एकदम ताठ झालं. तो उठला मात्र नाही. थोड्या वेळाने माझी मांडी ओली झाल्याचं मला कळलं, आणि ओठ न हलवता मेलेला मामा पुटपुटला, "पडदेवाल्याला सांग, घाई करू नकोस म्हणावं."