आपल्यातली

हिंगण्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी ज्या काकूंकडे खोली घेतली, त्यांनी माझं गाव तेवढं विचारलं. भिवापूर म्हणताच त्या खुलल्या. "अवं माय, मिरचीवाल्यांची पोर! मायं माहेर तिकडचंच." आडनाव आमचं गावावरून पडलेलं, तसली आडनावं सगळ्या जातींत असतात. पुढचं काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही, आणि खोली देताना पुढचं न विचारणारं माणूस मिळणं म्हणजे लॉटरीच. मी मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी शंभर देऊन टाकले.

मग रविवारच्या दुपारी मी त्यांच्याकडेच असायचे. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड, आणि स्वयंपाकघराच्या गार फरशीवर लोळत पडलेली मी. काकू ज्वारीच्या पिठापासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत कशावरही बोलायच्या. त्यांचा आवाज दूर जायचा, परत यायचा. झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठेतरी मला वाटायचं, मी याच घरात वाढले.

अशाच एका दुपारी शेजारीण आली. परकी पोर थेट स्वयंपाकघरात झोपलेली पाहून तिनं हळूच विचारलं, "कोण्यातली वं?"

"आपल्यातलीच आहे," काकू म्हणाल्या.

मी डोळे मिटलेलेच ठेवले. काय गोड शब्द होता! आईनं अंगावर ओढणी टाकावी तसा आला. आणि लगेच कळलं, तो माझा नव्हताच. काकूंनी मनात धरलेल्या कुण्या दुसऱ्याच मुलीचा होता. मला तिचा हेवा वाटला. तो शब्द मला हवा होता, पण मी जी आहे तिच्यासाठी.

शेजारीण गेली. काकूंनी मला उठवून पुढ्यात बसवलं, केसांना तेल लावलं आणि वेणी घालायला घेतली.

"काकू," मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत."

बोटं थांबली. कूलर तेवढा घरघरत राहिला.

"काहून सांगितलं वं?" आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "मी विचारलं होतं काय तुले?"

खोली सोड, असं त्या म्हणाल्या नाहीत. वेणीही पुरी घातली, नेहमीपेक्षा घट्ट. मग उठून त्यांनी हात धुतले. तेलकट हात कोणीही धुतंच. मी मात्र मोरीत पाणी किती वेळ वाहतंय, ते ऐकत बसले.