होडीचं छत

माझी आत्या कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, आणि आपली शिलाई उसवली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तिचं ठाम मत आहे. काका गेले आणि ती त्या खोलीचीच होऊन बसली. दाराशी आली की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर रोज थोडं मोकळ्या हवेत जा म्हणाले.

"हवा खिडकीतून येते की," आत्या म्हणाली.

मी तर भांडलेही तिच्याशी. तिची लेक तलावापलीकडच्या गावात राहते. तिला आठवा महिना लागला होता, आई जवळ हवी म्हणून फोनवर रडायची. आत्या फोन ठेवायची आणि काजं करत बसायची. राग यायचा मला, आणि भीतीही वाटायची.

अशात शेजारचा होडीवाला मापं घेऊन आला. त्याला होडीवर कापडी छत हवं होतं. आत्याने ते ब्लाउज शिवावा तसं अंगासरशी शिवलं, कुठे सुरकुती म्हणून नाही. पहिल्याच वाऱ्यात ते टरकन फाटलं.

"माझी शिलाई उसवली?"

"शिलाई शाबूत आहे, ताई. कापड फाटलं. जरा झोळ ठेवायला हवा होता."

"किती झोळ?"

"ते मला काय विचारता? वारा कसा भरतो ते होडीत बसून बघा."

तिला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात टेप अडकवून ती बाहेर पडली. माझा दंड असा धरला होता की वळ उठले. वाटेत दोनदा मटकन खाली बसली. होडीवर नवं कापड सैलसर बांधलं होतं, तिथे मात्र तिची नजर त्यावर खिळली. वारा आला, कापड फुगलं, तिने टाचणी लावली. टाचण्या संपल्या तशी पाण्यात हात सोडून बसली.

"श्वास पोटापर्यंत जातोय गं," ती म्हणाली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

छताचं काम दोन दिवसांचं. तिने ते महिनाभर पुरवलं. रोज नवी खोट काढायची आणि होडीत जाऊन बसायची. होडीवाला वैतागल्याचं सोंग करायचा. गोळ्या चालूच होत्या, धडधडही अधूनमधून व्हायची. पण ती नीट जेवू लागली, गिऱ्हाइकांवर खेकसू लागली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

मग जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. आत्या पिशवी घेऊन निघाली आणि दारातच थबकली.

"छाती फुटेल असं वाटतंय."

"राहू दे आत्या, मी जाते."

"राहू दे काय? चल!"

होडीत तिने डोळे मिटून घेतले होते आणि होडीवाल्याला सारखी हात चालव, हात चालव म्हणत होती. बाळाच्या आधी आम्ही पोहोचलो. लेकीने तिच्याकडे बघितलं, तिला खरंच वाटेना.

"कशी आलीस गं तू?"

"घाबरत घाबरत," आत्या म्हणाली, आणि तिचा हात धरून बसली.